पोर्तोची साक्ष

मोटारींच्या शर्यतीवर टीकालेख लिहावा, ही कल्पना आमच्या काही वाचकांस विचित्र वाटेल. टीका ग्रंथावर होते, नाटकावर होते, फार तर एखाद्या गवयाच्या बैठकीवर होते. धूर आणि आवाज यांपलीकडे ज्यात काही उरत नाही अशा खेळात टीकाकाराने पाहावे तरी काय? तथापि ज्या खेळाला नियम आहेत, त्या नियमांचा अर्थ लावणारे पंच आहेत आणि त्या पंचांपुढे साक्ष देण्याचा प्रसंग येऊ शकतो, तो खेळ निदान वकिलाला तरी परका राहत नाही. २४ ऑगस्ट १९५८ रोजी पोर्तुगालमधील पोर्तो शहरात झालेली ग्रां प्री शर्यत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिच्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या लेखनाचा सूर ठरून गेलेला आहे. स्टर्लिंग मॉस या दिलदार खेळाडूने प्रतिस्पर्ध्यावर उपकार केला आणि त्या औदार्यापायी आपले जगज्जेतेपद गमावले, अशी ती कथा. कथा सुंदर आहे. परंतु नेमकी नाही. मॉसने त्या संध्याकाळी केले त्याला औदार्य म्हणणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे होय. त्याने साक्ष दिली. औदार्य आणि साक्ष यांतील भेद हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वेगाशी आमची ओळख नाही असे नव्हे. डिचोली, मये, शिरगाव, साखळी या टापूतील माणसाने खनिजाच्या ट्रकांचा वेग वर्षानुवर्षे पाहिला आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या. त्यापूर्वी खाणीपासून नदीकाठच्या बार्जीपर्यंत खेपांसाठी जी धावाधाव चाले, तिने रस्त्याकडेची घरे तांबड्या धुळीने माखली आणि कित्येक घरांना दुःखही दिले. पेडण्यात महामार्ग रुंद झाला, मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि तेथेही वाहने आता सुसाट जातात. पण याला कोणी शर्यत म्हणत नाही. ही घाई आहे. घाईत पुढे गेलेल्याला जाब विचारणारा कोणी नसतो. शर्यतीत मात्र पुढे गेलेल्यालाच आधी जाब द्यावा लागतो. तो कसा पुढे गेला, कोणत्या वाटेने गेला, हे तपासल्यावाचून त्याचे पुढे जाणे मान्य होत नाही. वेगाला नियमात बसविले म्हणजे शर्यत होते. आणि नियम आला की त्याच्या मागोमाग वाद, पुरावा आणि निर्णय हे सर्व आलेच.

पोर्तोची शर्यत झाली ते वर्ष गोमंतकीयांना सहजी विसरता येण्यासारखे नाही. त्या वेळी पोर्तो आणि पेडणे एकाच झेंड्याखाली होती. डिचोलीचा मुलूख अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. नव्या काबिजादीतील या महालांनी तेव्हापासून लिस्बनच्या हुकमाखाली दिवस काढले. शर्यतीच्या तीनच वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पेडणे महालाच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. शर्यतीच्या दिवशी आग्वादच्या तुरुंगात राजबंदी होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेचा हक्क मागणारा पोर्तुगालचा १९५५ सालचा दावा पडून होता. अशा राज्यातील एका शहरात न्यायाचे एक लहानसे काम नीट पार पडले, हे सांगताना आम्हांला संकोच वाटण्याचे कारण नाही. उदाहरण कोठे घडले यावरून त्याची किंमत ठरत नाही. आणि ते राज्य कसे होते याचा विसर पडू न देताही ते उदाहरण घेता येते.

आता शर्यतीकडे वळू. बोआव्हिश्ता हा पोर्तोचा पश्चिमेकडील, अटलांटिक समुद्रालगतचा भाग. तेथे शर्यतीसाठी बांधलेला वेगळा मार्ग नव्हता. शहराचे नित्याचे रस्ते बंद करून ७.४०७ किलोमीटरांचा वळसा आखला होता. अशा ५० फेऱ्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. वाटेत कोठे दगडी फरसबंदी, कोठे ट्रामचे रूळ, कडेला दिव्यांचे खांब, झाडे, आणि पादचाऱ्यांसाठी पदपथ. अलीकडील बहुतेक मार्ग शर्यतीसाठीच बांधलेले असतात. भारतातील पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथे झाली आणि आपल्या सचिन तेंडुलकरांनी तेथे समाप्तीचा झेंडा फडकवला, ती अशाच नव्या बांधीव मार्गावर. तेथे कडेला शहर नसते. पोर्तोत शहर हाच मार्ग होता, आणि म्हणूनच मार्ग कोठे संपतो व शहर कोठे सुरू होते हा प्रश्न तेथे उद्भवू शकला. पुढचा सारा वाद या प्रश्नात आहे.

१९५८ च्या जगज्जेतेपदाच्या मालिकेतील अकरा शर्यतींपैकी ही नववी. पदासाठी खरी चुरस दोघा इंग्रजांत उरली होती. माइक हॉथॉर्न इटलीच्या फेरारी गाडीचा चालक. स्टर्लिंग मॉस इंग्लंडच्या व्हॅनवॉलचा. पोर्तोला येताना हॉथॉर्नचे ३० गुण होते आणि मॉसचे २४. मात्र हॉथॉर्न ज्या मनःस्थितीत आला होता ती गुणांत मोजता येण्यासारखी नव्हती. ६ जुलै रोजी फ्रान्समध्ये रांस येथे त्याचा फेरारीचा सहकारी लुइजी मुसो शर्यतीत मरण पावला होता. ३ ऑगस्ट रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथे दुसरा सहकारी आणि जिवलग मित्र पीटर कॉलिन्स गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी पोर्तो. त्या काळच्या शर्यतीची वर्णने वाचताना हे मृत्यू तळटीपेत ढकलण्याची जी पद्धत पडली आहे, ती बरी नव्हे. चालक ज्या रस्त्यावर उतरत होते, तो त्यांच्यापैकी कोणाचाही शेवटचा ठरण्याचा संभव प्रत्येकाला ठाऊक होता. त्या संदर्भाशिवाय पुढची वर्तणूक कळत नाही.

पात्रतेच्या फेरीत मॉसने २ मिनिटे ३४.२१ सेकंदांत एक वळसा पुरा करून अग्रस्थान मिळविले. हॉथॉर्नला लागले २ मिनिटे ३४.२६ सेकंद. साडेसात किलोमीटरांच्या आतबाहेरच्या त्या वाटेवर दोघांत अंतर पडले सेकंदाच्या विसाव्या भागाचे. रस्त्यावर मोजले तर सुमारे अडीच मीटरांचे. तिसरा स्टुअर्ट लुईस-इव्हान्स, मॉसचाच सहकारी. हे तिघे पहिल्या रांगेत उभे राहिले. सर्वांत मागील गाड्यांत मारिया तेरेसा दि फिलिपिस ही इटालियन स्त्रीही होती. जगज्जेतेपदाच्या ग्रां प्रीत उतरलेली ती पहिली स्त्री. तिच्या गाडीच्या इंजिनाने प्रारंभीच दगा दिला. पण ती तेथे होती, हे नोंदविले पाहिजे.

शर्यतीचे नाट्य, नाटकाच्या अर्थाने, प्रारंभीच्या थोड्या वेळात आटोपले. पहिल्या फेरीत मॉस पुढे. दुसऱ्या फेरीपासून सातव्यापर्यंत हॉथॉर्न पुढे. आठव्या फेरीत मॉसने पुन्हा आघाडी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. व्हॅनवॉलला डिस्क ब्रेक होते. फेरारी अद्याप ड्रम ब्रेकवर विसंबून होती, आणि पोर्तोसारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर ड्रम तापून निकामी होत जातात. मॉसने २ तास ११ मिनिटे २७.८ सेकंदांत शर्यत संपविली. ताशी सरासरी १६९ किलोमीटर. हॉथॉर्नखेरीज प्रत्येक गाडी त्याच्या एक वा अधिक फेऱ्या मागे राहिली. विजय इतका निर्विवाद होता की शर्यत म्हणून तिला टीकाकाराने दुय्यम स्थान द्यावे. तिच्यातील दोनच क्षण महत्त्वाचे आहेत, आणि दोन्हींचा संबंध वेगाशी नसून वाचण्याशी आहे. एक फलक चुकीचा वाचला गेला आणि एक रस्ता बरोबर वाचला गेला.

फलकाची हकीकत अशी. त्या काळी सर्वांत जलद फेरी करणाऱ्यास एक गुण मिळत असे. उत्तरार्धात हॉथॉर्नने २ मिनिटे ३२.३७ सेकंदांची फेरी केली. मॉसच्या माणसांनी त्याला फलकावर संक्षेपाने कळविले की हॉथॉर्नने विक्रम केला आहे. धावत्या गाडीतून मॉसने इंग्रजी शेवटचे अक्षर दुसरेच वाचले आणि अर्थ घेतला की हॉथॉर्न नेहमीच्याच गतीने येत आहे. आघाडी एवढी मोठी असताना गाडीवर ताण कशाला, म्हणून त्याने वेग वाढविला नाही. तो एक गुण हॉथॉर्नकडे राहिला. एका अक्षराने दस्तऐवजाचा अर्थ कसा फिरतो, हे जमिनीच्या दाव्यांत वावरणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावयास नको. या एका गुणाकडे आपण पुन्हा येऊ.

दुसरा क्षण शेवटचा. मॉस रेषा ओलांडून गेला तेव्हा हॉथॉर्न जवळजवळ एक फेरी मागे होता आणि त्याला आपली पन्नासावी फेरी पुरी करावयाची होती. त्या फेरीत त्याची गाडी घसरली, फिरली आणि बंद पडली. जागा चढाची होती. हॉथॉर्न उतरला आणि ती अवजड गाडी चढावर ढकलून चालू करण्याचा प्रयत्न करू लागला. विजयानंतरची संथ फेरी घालीत मॉस तेथून जात होता. त्याने ओरडून सांगितले की गाडी उताराकडे वळव. हॉथॉर्नने पदपथावरून गाडी उताराच्या बाजूस लोटली, इंजिन धरले, आणि मॉसनंतर पाच मिनिटे बारा सेकंदांनी तो दुसरा आला. लुईस-इव्हान्स तिसरा.

यावर पंचांनी हॉथॉर्नला अपात्र ठरविले. आरोप असा की त्याने शर्यतीच्या दिशेविरुद्ध गाडी नेली. आरोप खोडसाळ नव्हता. येणाऱ्या गाड्यांसमोर उलट दिशेने कोणी येऊ नये हा नियम जीविताच्या रक्षणासाठी होता, आणि त्या वर्षी त्याची आवश्यकता सांगण्यासाठी ताज्या चिता होत्या. इंग्रजी लेखकांपैकी काहींनी पोर्तोच्या पंचांना हेकट परदेशी अधिकारी म्हणून रंगविले आहे; ते अन्याय्य आहे. तक्रार नोंदवून घेणे, निर्णय देणे, आणि नंतर विरुद्ध पुरावा आला तेव्हा तो ऐकून त्याच रात्री स्वतःचा निर्णय फिरविणे, हे तिन्ही त्यांनी केले. आपला निर्णय फिरविण्यास न्यायासनाला किती बळ लागते, हे ज्यांनी फेरविचाराचे अर्ज केले आहेत त्यांना ठाऊक आहे.

पुरावा दिला मॉसने. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: मी स्वतः पाहिले; हॉथॉर्नने गाडी उलट दिशेने लोटली खरी, पण ती पदपथावरून; पदपथ हा शर्यतीचा मार्ग नव्हे; मार्गावर तो दिशेविरुद्ध गेला नाही. पंचांनी हे मान्य केले आणि हॉथॉर्नचे दुसरे स्थान कायम राहिले.

या साक्षीची उलटतपासणी करून पाहू. पहिला आक्षेप असा की साक्षीदार स्वतः त्या कृत्याचा सल्लागार होता. उताराकडे वळव असे त्यानेच सांगितले. तेव्हा हॉथॉर्न दोषी ठरला तर सल्लाही दोषी ठरे. आक्षेप बुद्धीचा आहे. पण सल्ला देणाऱ्यावर कोणतीही शिक्षा येणार नव्हती, उलट प्रतिस्पर्धी बाद झाल्याचा लाभच होणार होता. दुसरा आक्षेप नियमाच्या हेतूचा. येणाऱ्या गाड्यांना धोका होऊ नये हा हेतू धरला, तर पदपथावरून लोटलेल्या गाडीने त्या हेतूला बाध येत नाही. परंतु शहरातला पदपथ माणसांसाठी असतो, त्याचे काय? हा प्रश्न खरा आहे. मात्र तो वेगळ्या नियमाचा विषय आहे, आणि ज्या नियमाचा आरोप नाही त्याखाली कोणाला दोषी ठरविता येत नाही. आजच्या नियमांनुसार मार्ग सोडून लाभ घेणे हाच दोष मानला जातो. पण आजचा कायदा लावून कालच्या कृत्याचा न्याय करू नये, हे तत्त्व न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांपैकी आहे. अक्षर पाहिले तरी आणि हेतू पाहिला तरी, मॉसचे म्हणणे टिकते.

त्याच्या म्हणण्याला वजन आले ते आणखी एका कारणाने. जो माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध बोलतो, तो सामान्यतः खोटे बोलत नाही. १८७२ च्या भारतीय साक्ष्य कायद्यातील ३२ व्या कलमाने, हयात नसलेल्या किंवा न्यायालयापुढे आणता न येणाऱ्या माणसाचे विधान त्याच्या स्वतःच्या हिताला बाधक असेल तर ते पुराव्यात घेण्यास मुभा दिली होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व राहिले आहे. मॉस पंचांपुढे प्रत्यक्ष उभा होता, म्हणून ते कलम त्याला लागू पडण्याचा प्रश्न नाही. पण त्या कलमामागील मनुष्यस्वभावाची जी पारख आहे, तिनेच पोर्तोच्या पंचांनाही वाट दाखविली असली पाहिजे.

त्याचे हित किती बाधले, याचा हिशेब मांडू. त्या वर्षी अकरापैकी सर्वोत्तम सहा शर्यतींचे गुण धरीत. हॉथॉर्नच्या सहा आकड्यांची बेरीज अखेरीस ४२ झाली आणि मॉसची ४१. पोर्तोचे सात गुण हॉथॉर्नच्या त्या ४२ मध्ये आहेत. तो अपात्रच राहिला असता तर त्या सातांच्या जागी त्याचा अर्जेंटिनातील चारांचा आकडा आला असता आणि बेरीज ३९ झाली असती; जगज्जेता मॉस. आता तो फलक आठवावा. जलद फेरीचा एक गुण मॉसने हॉथॉर्नकडून परत घेतला असता, तर मॉस ४२ आणि हॉथॉर्न ४१. याही वाटेने जगज्जेता मॉसच. म्हणजे एकाच दुपारी त्याने दोनदा पद गमावले, एकदा दृष्टिदोषाने आणि एकदा दृष्टी निर्मळ असल्यामुळे. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. बेरजेच्या पद्धतीवर टीका करावयास येथे भरपूर जागा आहे. पण तो नियम दोघांना आधीपासून माहीत होता, म्हणून तक्रारीला जागा नाही.

आता मूळ मुद्दा. हे सर्व पाहून आपण सहज म्हणतो की केवढा हा त्याग! आमच्या पुराणश्रवणाने घडलेल्या मनाला त्यागाची कथा फार प्रिय. परंतु २४ ऑगस्टच्या त्या रात्री मॉसला हा हिशेब माहीत नव्हता. इटली आणि मोरोक्को येथील दोन शर्यती व्हावयाच्या होत्या. पद हातचे गेले असे त्याने तेव्हा जाणले असणे शक्य नाही. आपण आज मागे वळून त्याच्या हातात जे टाकलेले पद पाहतो, ते त्या वेळी त्याच्या हाती आलेलेच नव्हते. त्याने पाहिले होते ते सांगितले, इतकेच. खरा त्याग पाहावयाचा तर दोन वर्षे मागे जावे लागेल. १९५६ च्या सप्टेंबरात मॉन्झा येथे पीटर कॉलिन्सने, स्वतः पदाच्या स्पर्धेत असताना, आपली चालती गाडी आपल्या संघाच्या फांजिओला दिली आणि फांजिओ जगज्जेता झाला. ते दान होते. दान देणाऱ्याची मर्जी असते. ते न दिले तरी त्याला कोणी दोष देत नाही. साक्षीचे तसे नाही. ती देणाऱ्याच्या मालकीची वस्तूच नव्हे. जे पाहिले ते ज्याला न्याय हवा त्याचे असते, आणि साक्षीदाराने ते दाबून ठेवले तर त्याने दुसऱ्याची ठेव बुडविली असे होते. मॉसला दाता ठरविणारे लेखक नकळत असे सुचवितात की तो गप्प राहिला असता तरी चालले असते. येथेच ती प्रचलित कथा लंगडी पडते.

आमच्या महाभारताने हा भेद अचूक ओळखला आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी युधिष्ठिराने अर्धे सत्य मोठ्याने आणि अर्धे हळू उच्चारले, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी त्याला दानात उणा म्हणून शिक्षा केली नाही. साक्षीत उणा म्हणून केली. कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतले त्या प्रसंगाची आठवण पोर्तोच्या चढावर होते खरी, पण ती तुलना लांबविणे योग्य नाही. तेथे युद्ध होते आणि मागील अपराधांचा हिशेब होता. येथे दोन चालक आणि एक बंद पडलेली गाडी. इतकेच म्हणावे की रथ अडलेला पाहून त्याला चालू करण्याची युक्ती सांगणारा प्रतिस्पर्धी आमच्या कथांतही विरळाच आहे.

त्या उन्हाळ्यातील पोर्तोत आणखी एक साक्ष झाली होती, आणि ती सांगितल्याविना पहिलीचे माप समजत नाही. १३ जुलै १९५८ रोजी, शर्यतीच्या सहा आठवडे आधी, पोर्तोचे बिशप आंतोनियु फॅरेइरा गोमिश यांनी सालाझारना पत्र लिहून राज्यातील दारिद्र्य आणि राजकीय गळचेपी यांविषयी आपले मत स्पष्ट कळविले. त्याचे फळ म्हणून १९५९ पासून १९६९ पर्यंत त्यांना देशाबाहेर राहावे लागले. एकाच शहरात, एकाच ऋतूत, दोघांनी सत्ता चालविणाऱ्यांपुढे खरे सांगितले. खेळाच्या पंचांनी ऐकले. राज्याच्या पंचाने ऐकले नाही. आमच्या सत्याग्रहींच्या म्हणण्याचेही तेच झाले. खेळात न्याय मिळतो म्हणून राज्यात मिळतो असे नाही. तरीसुद्धा खेळातील न्याय फुकट जात नाही, कारण न्याय कसा दिसतो हे निदान लोकांच्या डोळ्यांना कळते.

हे सर्व आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन सांगून थांबतो. आमच्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने अद्याप चालतो. महाजन कोण, हक्क कोणाचे, हिशेब कोणी द्यावयाचा, हे तीत लिहिलेले आहे, आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक आहे. पेडण्याच्या दसऱ्यातील तरंगांपासून शिरगावच्या जत्रेपर्यंत आमचे सारे उत्सव मार्गाने आणि क्रमाने बांधलेले असतात. पालखीने कोणत्या वाटेने जावे, खांदा कोणी द्यावा, पहिला नारळ कोणाचा, यांवरून वाद होतात आणि ते न्यायालयात येतात. वादांचे वाईट वाटत नाही. जेथे मान आहे तेथे वाद असावयाचाच. वाईट वाटते ते आमच्या भाषेतील एका सवयीचे. आम्ही साक्षीदाराला 'आमचा' किंवा 'त्यांचा' म्हणतो. प्रत्येक साक्षीदाराला जणू मालक असतो. आपल्या वांगडाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली असली, तरी ती सांगणारा घरभेदी ठरतो. आणि ज्याने ती सांगू नये म्हणून गावकऱ्यांनी मन वळविले, तोच देवापुढे गाऱ्हाणे घालताना सर्वांत पुढे हात जोडून उभा राहतो. पुरावा नसल्यामुळे फेटाळले गेलेले दावे फार; पण पुरावा गावात होता आणि न्यायालयात आला नाही म्हणून फेटाळले गेलेले दावे त्यांहून कमी नसावेत.

अशा समाजात मॉसला त्यागी म्हणून हार घालणे सोपे आहे. त्यागी पुरुष देव्हाऱ्यात बसतो आणि आपल्याकडून काही मागत नाही. त्याचे अनुकरण करावयाचे नसते, त्याला नमस्कार करावयाचा असतो. साक्षीदार मात्र आपल्या शेजारी बाकावर बसतो आणि विचारतो की तू काय पाहिलेस. पोर्तोच्या मॉसकडून घेण्यासारखे हे दुसरे आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९ ऑक्टोबर १९५८ रोजी कासाब्लांका येथे मॉस पुन्हा जिंकला, जलद फेरीही त्याचीच. हॉथॉर्न दुसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला, त्या पदावर पोहोचलेला पहिला ब्रिटिश चालक. पोर्तोत तिसरा आलेला लुईस-इव्हान्स कासाब्लांकाच्या अपघातात भाजला आणि सहा दिवसांनी गेला. हॉथॉर्नने शर्यती सोडल्या. २२ जानेवारी १९५९ रोजी इंग्लंडमधील एका सामान्य रस्त्यावर मोटार अपघातात तो वारला, वय २९. मॉस १६ ग्रां प्री जिंकूनही कधी जगज्जेता झाला नाही आणि १२ एप्रिल २०२० रोजी नव्वदाव्या वर्षी निवर्तला. जगज्जेत्यांच्या यादीत १९५८ या वर्षासमोर हॉथॉर्नचे नाव आहे. ते तेथे योग्य रीतीने आहे, याची ग्वाही त्याच्या प्रतिस्पर्ध्याने दिली आहे. आणि यादीतील किती नावांना असा साक्षीदार लाभला असेल, याचा विचार वाचकांनी करावा.